सेंट जेम्स स्ट्रीट, नंबर ३ आणि नंबर ६: जड माल खाली, हलका वर

लंडनमध्ये जुन्या घरात थाटलेली दुकानं पैशाला पासरी आहेत. त्यातली बरीचशी नावालाच जुनी. दर्शनी भिंत तेवढी ठेवलेली, मागे लोखंडी सांगाडा, खोटं छत आणि पांढरेफेक दिवे. सेंट जेम्स स्ट्रीटच्या खालच्या टोकाला, राजवाड्याच्या दरवाज्याजवळ, एकाच बाजूला हाकेच्या अंतरावर दोन दुकानं अशी आहेत जिथे हा प्रकार झालेला नाही. नंबर ३ म्हणजे बेरी ब्रदर्स अँड रड, वाइनचे व्यापारी. नंबर ६ म्हणजे लॉक अँड कंपनी, हॅटवाले. हे परीक्षण वाइनचं नाही आणि हॅटचंही थोडंच आहे. ज्या घरांत हा माल विकला गेला त्या घरांचं आहे. निकाल आधीच सांगून टाकू: इमारत म्हणून नंबर ३ जास्त श्रीमंत, दुकान म्हणून आज नंबर ६ जास्त जिवंत. आणि त्याचं मोठं कारण मालाच्या वजनात आहे.

आधी घराची जात समजून घ्यावी लागते. ‘टेरेस्ड हाऊस’ म्हटलं की मराठी डोक्यात गच्ची येते. तिचा इथे काही संबंध नाही. भिंतीला भिंत लावून रांगेत बांधलेलं घर म्हणजे टेरेस्ड हाऊस. दोन घरांमधली भिंत सामाईक, पुढची बाजू अरुंद, साधारण १५ ते २५ फूट, आणि जागा लागेल तसं घर मागे आणि वर वाढलेलं. प्रत्येक मजल्यावर पुढे एक खोली, मागे एक खोली, कडेने जिना. खाली तळघर, आणि बहुतेक ठिकाणी पदपथाच्या पोटात कोळसा साठवायला विटांच्या कमानीचे कोनाडे. हा नकाशा एकदा बसला की कुठलंही जॉर्जियन, म्हणजे साधारण १७१४ ते १८३० च्या काळातलं, दुकान उलगडतं. आपण जिथे उभे राहून माल बघतो ती त्या घराची पुढची खोली, मालक हिशेब करत बसतो ती मागची, आणि कोठार बहुधा पायाखाली.

नंबर ३ आणि नंबर ६ एकाच बाजूला कसे, हा प्रश्न इथे पहिल्यांदा आलेल्याला पडतोच. या रस्त्याचे नंबर सम एकीकडे, विषम दुसरीकडे असे नाहीत. ते एका बाजूने ओळीने चालतात, जुन्या पद्धतीने. लंडनमध्ये घरांना नंबर देणं रुळलं तेच मुळी १७६० च्या दशकापासून. त्याआधी दुकान ओळखायचं ते बाहेर टांगलेल्या चित्राच्या पाटीवरून. पाट्या इतक्या वाढल्या की उजेड अडायचा, वाऱ्यात करकरायच्या, अधूनमधून कुणाच्या तरी डोक्यावर पडायच्या. १७६२ च्या कायद्याने वेस्टमिन्स्टरमधल्या लोंबत्या पाट्यांवर गदा आली. नंबर ३ बाहेर आजही कॉफीच्या गिरणीची पाटी टांगलेली दिसते. ती शोभेची नाही. एके काळी तोच या दुकानाचा पत्ता होता.

दुकान १६९८ सालचं. बोर्न नावाच्या एका विधवेने ते सुरू केलं, आणि ते वाइनचं नव्हतं, किराण्याचं होतं: कॉफी, चहा, मसाले. पुढे लेकीचं लग्न विल्यम पिकरिंगशी झालं आणि त्याच घराण्याने १७३० च्या दशकात दुकान आणि मागचा चौक नव्याने उभारला. चौकाचं आधीचं नाव स्ट्राउड्स कोर्ट. आजचं पिकरिंग प्लेस. बेरी हे नाव बरंच नंतरचं. जॉर्ज बेरी १८०३ मध्ये आला आणि १८१० मध्ये त्याचं नाव दारावर चढलं. रड तर १९२० मध्ये भागीदार झाला. म्हणजे पाटीवरचं नाव भिंतींपेक्षा कितीतरी तरुण आहे.

आत नजर जाते ती मोठ्या तराजूवर. हा कॉफीची पोती तोलायचा तराजू. १७६५ पासून त्यावर गिऱ्हाइकांची वजनं करून वहीत लिहायला सुरुवात झाली. घरोघरी वजनाचे काटे नव्हते तेव्हा किराणा दुकानाचा तराजू हाच काय तो भरवशाचा. कवी लॉर्ड बायरन, पंतप्रधान धाकटा पिट, नटण्यासाठी गाजलेला बो ब्रमेल यांची वजनं या वह्यांत आहेत. आकडे स्टोन आणि पौंडांत: १४ पौंडांचा एक स्टोन, म्हणजे सुमारे ६.३५ किलो. वहीची जागा काचेच्या पेटीत असली तरी तराजू मात्र जिथे वापरात होता तिथेच, दुकानाच्या खोलीत आहे, आणि त्यामुळेच खोलीला अर्थ येतो. वस्तू संग्रहालयात गेली असती तर ही चार भिंतींची नुसती काळोखी बैठक उरली असती.

भिंतींना लाकडी तक्तपोशी, खाली रुंद फळ्यांची जमीन, आणि ती जमीन चक्क उताराची. पहिल्यांदा पाऊल टाकणाऱ्याला बोटीत शिरल्यासारखं वाटतं. अशा घरांत जमीन कलण्याचं नेहमीचं कारण असं: फळ्यांखालच्या तुळयांचं एक टोक जाड सामाईक भिंतीत बसलेलं असतं आणि दुसरं जिन्याकडच्या हलक्या लाकडी आडभिंतीवर. विटांची भिंत जागेवर राहते, लाकडी आडभिंत वाळून, दबून शतकभरात इंच-दीड इंच खाली बसते. त्यात दुकान मोठं करायला कुणी ती आडभिंत तळमजल्यावर काढली की वरचा मजलाही मागोमाग. हा कल ‘दुरुस्त’ करायला वर प्लायवूड मारून पातळी आणणं हा सर्वांत वाईट उपाय. दारं कापावी लागतात, जिन्याची शेवटची पायरी तोकडी होते आणि माणूस तिथेच अडखळतो. कल वाढत नसेल तर तसाच ठेवावा. इथे तो ठेवला आहे, हे शहाणपणाचं.

आता बाहेर या, रस्ता ओलांडा आणि समोरच्या पदपथावरून नंबर ३ कडे बघा. तळमजल्याला गडद रंगाच्या लाकडाचा दर्शनी भाग, त्यात कमानदार खिडक्या, छोट्या छोट्या तावदानांच्या. वर विटांचे मजले. तावदानं छोटी का, याचं उत्तर काचेच्या भट्टीत आहे. तेव्हाची चांगली काच म्हणजे क्राउन काच: वितळलेल्या काचेचा गोळा फुगवून, गरगर फिरवून केलेली चार-पाच फुटांची तबकडी, आणि तिच्यातून कापलेले तुकडे. मधला जाड डोळा वगळला की मोठा चौकोन निघतच नाही. त्यात १७४६ पासून १८४५ पर्यंत काचेवर वजनाप्रमाणे कर होता, म्हणून काच पातळ ठेवण्यात फायदा. कर उठला, मोठी सपाट प्लेट काच स्वस्त झाली आणि व्हिक्टोरियन दुकानदारांनी जुन्या चौकटी भराभर उपटून टाकल्या. म्हणून १८४५ च्या आधीचं दुकानाचं तोंड टिकलेलं दिसलं की समजावं, इथल्या मालकाला एक तर गरज पडली नाही किंवा हौस नव्हती. जुनी काच ओळखायची असेल तर तिच्यातून आत बघू नका, तिच्यावर पडलेलं समोरच्या इमारतीचं प्रतिबिंब बघा. सरळ रेषा पाण्यात हलल्यासारख्या वाकड्या दिसल्या तर काच हाताने केलेली. शेजारचं तावदान आरशासारखं सपाट असेल तर ते फुटून बदललेलं.

वरच्या खिडक्या भिंतीच्या तोंडापासून थोड्या आत आहेत का, हेही या रस्त्यावर घरोघर बघत जावं. १७०९ च्या कायद्याने लाकडी चौकट निदान चार इंच आत सरकवायला लावली, म्हणजे आग एका घरावरून दुसऱ्या घरावर लाकडालाकडाने धावणार नाही. १७७४ च्या कायद्याने चौकटीची पेटीच विटांच्या मागे लपवायला सांगितली. त्याच कायद्याने दुकानांच्या फुगीर खिडक्यांनाही वेसण घातली: रस्ता तीस फुटांचा असेल तर खिडकी दहा इंचांपर्यंत बाहेर येऊ शकते, त्याहून अरुंद असेल तर पाचच. फुगीर खिडकीला टेप लावून वय ठरवता येतं असं नाही, पण दहा इंचांहून जास्त पोट दिसलं तर शंका घ्यायला जागा आहे.

घराचं दुकान करताना खरी गोम मात्र नावाच्या पट्टीमागे असते, आणि ती बाहेरून दिसत नाही. राहत्या घरात तळमजल्याची भिंत वरच्या तीन मजल्यांचं ओझं पेलते. दुकानाला मोठी खिडकी हवी म्हणून ती भिंत काढायची, तर वरच्या विटा उभ्या कशावर राहणार? एका आडव्या लाकडी तुळईवर. इंग्रजीत तिला ब्रेसमर म्हणतात: फूटभर जाडीचा लाकडाचा ठोकळा, एका सामाईक भिंतीपासून दुसरीपर्यंत टाकलेला. नावाची पाटी, कंगोरे, कडेचे चौकोनी खांब हा सगळा साज त्या तुळईला झाकायला. खांब बहुतेक वेळा पोकळ फळ्यांचे असतात. भार घेत असल्याचं नाटक करतात एवढंच.

ही तुळई जाते कशी, याचा क्रम जवळजवळ ठरलेला आहे. पाटीवरच्या कंगोऱ्यावर शिशाचा पत्रा असतो. पत्रा एकसलग लांब घातला तर उन्हात पसरून, थंडीत आखडून तो कुठेतरी चिरतो. म्हणून तो तुकड्यांत, एकावर एक चढवून घालायचा असतो. चिरेतून पाणी आत जातं, बाहेर काही दिसत नाही, कारण पुढच्या फळीला दर पाच-सात वर्षांनी चकचकीत रंग लागतोय. पाणी तुळईच्या टोकाशी, भिंतीत गाडलेल्या भागात साठतं. तिथे हवा नाही. बुरशी धरते आणि टोक कुजतं. मधला भाग ठणठणीत, टोकं शेवयांसारखी. मग तुळई दबते आणि वर चिन्हं उमटतात: विटांचे थर मधे झुलल्यासारखे, पहिल्या मजल्याच्या खिडक्यांवरच्या कमानींत पायरीपायरीने गेलेली चीर, वर-खाली सरकणाऱ्या खिडक्या एका कोपऱ्यात घट्ट. रंगारी खिडकीची कड तासून देतो, महिनाभर बरं वाटतं, पुन्हा अडकते. खिडकी तासण्याआधी तुळई बघावी. कडेच्या खांबाची एक फळी अलगद उघडून बारीक टोच्याने तुळईच्या टोकाला टोचायचं. टोच्या सहज आत गेला तर अभियंत्याला बोलावायचं, सुताराला नाही.

ही पाहणी समोरच्या पदपथावरून उघड्या डोळ्यांनीही निम्मी होते. नजर पाटीच्या वरच्या रेषेवर ठेवा आणि ती रेषा शेजारच्या घराच्या विटांच्या थराशी जुळवत न्या. मग डोकं वळवून भिंत कडेने बघा: तिला पोट सुटलंय का? या काळातल्या दर्शनी भिंतीत बाहेरचा चांगल्या विटांचा पापुद्रा आणि आतल्या स्वस्त विटा यांना बांधणाऱ्या आडव्या विटा बऱ्याचदा अर्ध्या तोडून नुसत्या दिखाव्याला लावलेल्या असतात. कंत्राटदारांची ती जुनी खोड. पापुद्रा सुटतो आणि भिंत ओळंब्यातून बाहेर येते. भिंतीवर इंग्रजी एस किंवा एक्सच्या आकाराच्या किंवा गोल लोखंडी चकत्या दिसल्या तर आतून सळया टाकून तिला मागे धरून ठेवलंय असं समजा.

आता वजनाकडे. आजच्या ब्रिटिश मोजमापात राहत्या खोलीच्या जमिनीसाठी दर चौरस मीटरला १.५ किलोन्यूटन भार धरतात, ढोबळमानाने दीडशे किलो. दुकानासाठी ४, म्हणजे चारशे किलो. जुन्या घराच्या तुळया कुणी असं गणित करून घातलेल्या नव्हत्या, पण त्या घालताना डोळ्यासमोर पलंग आणि टेबलं होती, पिंपं नव्हेत. वाइनची भरलेली बाटली सव्वा किलोच्या आसपास. बारा बाटल्यांचं खोकं पंधरा-सोळा किलो. एका चौरस मीटरवर अशी बारा खोकी एका थरात बसतात. एकच थर १९० किलोंच्या घरात जातो. पाच थर रचले की साडेनऊशे. वरच्या मजल्यावर हे ठेवणं म्हणजे तुळयांना फाशी. वाइनला तसंही दहा ते तेरा अंशांचा स्थिर गारवा, अंधार आणि निश्चलपणा लागतो, आणि हे तिन्ही फुकटात मिळतं ते तळघरात. जड माल, त्याला आवडणारी हवा आणि जमिनीचा आधार एकाच ठिकाणी. म्हणून नंबर ३ मध्ये वाइनचा धंदा शोभला: वर तक्तपोशीची बैठक, माल पायाखाली, गिऱ्हाईक खुर्चीवर बसून सांगणार आणि बाटली खालून येणार. भिंतींना फडताळं ठोकायची वेळच आली नाही, म्हणून तक्तपोशी वाचली.

पण हेच पुढे अंगाशी आलं. आजच्या गिऱ्हाइकाला बाटल्या मांडून ठेवलेल्या हव्यात, हातात घेऊन लेबल वाचायचं असतं, आणि ते या खोलीत होण्यासारखं नव्हतं. साठा मुख्यतः बेसिंगस्टोकच्या गोदामात असतो, आणि रोजची विक्री २०१७ मध्ये कोपऱ्यापलीकडे ६३, पॅल मॅल इथे हलली. निर्णय बरोबर. जुनी खोली मोडून मांडण्या घालण्यापेक्षा शेजारी नवी जागा घेणं केव्हाही बरं. तरी नुकसान झालं ते झालं: पूर्वी कुणीही एका बाटलीच्या निमित्ताने आत शिरून तराजू बघू शकत होतं, आता नंबर ३ हा येता-जाता शिरायचा गल्ला नाही. आत जायचं तर आधी विचारून घ्यावं. तळघरातली एक दालनवजा जागा जेवणावळी आणि कार्यक्रमांसाठी वापरतात. तिला नेपोलियन सेलर म्हणतात. हा नेपोलियन तिसरा, पुढे फ्रान्सचा सम्राट झालेला. परागंदा असताना तो जवळच किंग स्ट्रीटला राहायचा आणि तिथल्या त्याच्या घरावरची १८६७ ची गोल पाटी ही लंडनमधली आज शिल्लक असलेली सर्वांत जुनी ‘निळी पाटी’, म्हणजे नामवंतांच्या घरावर लावतात ती. दुकानातून तिथे चालत पाच मिनिटं लागतात.

दुकानाला लागूनच पिकरिंग प्लेसमध्ये जाणारा बोळ आहे. हा भाग चुकवू नये, आणि याला कुणाची परवानगीही लागत नाही. बोळाच्या भिंतीला लाकडी चौकटींचा साज, दोन माणसं समोरासमोर आली तर एकाला अंग चोरावं लागेल अशी रुंदी, आणि पलीकडे एकदम उघडणारा छोटा फरसबंद चौक, भोवती जॉर्जियन विटा. टेक्सास स्वतंत्र प्रजासत्ताक असताना त्याची वकिलात १८४२ ते १८४५ इथे होती. पाटी बोळातच आहे. लंडनमधलं शेवटचं द्वंद्व याच चौकात झालं असंही सांगतात. ज्याच्या त्याच्या चौकात शेवटचं द्वंद्व झालेलं असतं, तेव्हा तिकडे दुर्लक्ष करून विटांच्या दरजा बघाव्यात. जुन्या मऊ विटांत चुन्याच्याच दरजा हव्यात. चुना ओल बाहेर सोडतो. सिमेंट सोडत नाही. ओल विटेतच अडकते, गोठते आणि विटेचं तोंड पापुद्र्यासारखं सुटून येतं. दरजा उठून दिसताहेत आणि विटा मात्र मागे झिजल्यात, असं चित्र दिसलं की ते सिमेंटचं काम. या परिसरात नीट हिंडलात तर दोन्ही प्रकार शेजारी शेजारी बघायला मिळतील.

नंबर ६ कडे चार पावलं. लॉकचा धंदा १६७६ चा, या घरात तो १७६५ मध्ये आला. म्हणजे शेजारी तराजूवर गिऱ्हाइकं चढायला लागली त्याच साली. इथे मालाचं गणित उलटं. फेल्टची, म्हणजे लोकर किंवा फर दाबून केलेल्या कापडाची, हॅट शंभर-सव्वाशे ग्रॅमची, खोकं मोठं पण पोकळ. चौरस मीटरवर खोक्यांचे पाच थर रचले तरी पंचवीस-तीस किलोंच्या वर जात नाही. म्हणजे हा माल घरात कुठेही ठेवा, छतापर्यंत रचा, वरच्या मजल्यावर न्या, तुळयांना कळणारही नाही. म्हणून नंबर ६ अजून पूर्ण घरभर दुकान आहे: खाली पुरुषांच्या हॅट्स, वर बायकांच्या. अरुंद खोलीही इथे अडचण ठरत नाही, कारण हॅट बघायला माणसाला आरसा आणि दोन हात जागा पुरते. भिंतीभर खोकी रचलेली, मधे गिऱ्हाईक, समोर दुकानदार. घराच्या नकाशाला न डिवचता चालणारा याहून सोयीचा किरकोळ धंदा सांगणं कठीण.

हॅटचे शत्रू मात्र वेगळे. कसर, दमट हवा आणि ऊन. रस्त्याची ही बाजू पश्चिमेला तोंड करून आहे, त्यामुळे दुपारनंतर ऊन थेट खिडकीत. रंगीत फेल्ट खिडकीत राहिली तर एका अंगाने विटते. सोपा उपाय म्हणजे काचेवर ऊन अडवणारी फिल्म चिकटवणं, पण हाताने केलेल्या जुन्या काचेवर ती लावू नये. काढताना काच जाते. छत्रीवजा कापडी पडदा बाहेर ओढणं आणि खिडकीतला माल सतत बदलणं हेच बरं.

या दुकानाची खरी पुंजी म्हणजे कॉन्फर्मेटर, एकोणिसाव्या शतकाच्या मध्याचं फ्रेंच यंत्र. दिसतं उंच टोपीसारखं, पण भिंत पन्नास-साठ उभ्या सुट्या पट्ट्यांची, प्रत्येकीला स्प्रिंग. डोक्यावर बसवलं की प्रत्येक पट्टी त्या त्या ठिकाणी डोक्याच्या आकाराप्रमाणे मागे ढकलली जाते. पट्टीचं वरचं टोक एका पिनेला हलवतं. माथ्यावरचं झाकण कागदासकट खाली दाबलं की पिना कागदाला टोचतात आणि डोक्याचा घेर लहान प्रमाणात उमटतो. तो आकार कापून दुसऱ्या एका जुळवता येणाऱ्या साच्यात बसवला की साचा पूर्ण मापाला त्या डोक्यासारखा होतो. कडक हॅटची कड उष्णता देऊन नरम करायची, साच्यावर बसवायची, गार होऊ द्यायची. नामवंत गिऱ्हाइकांचे असे टोचलेले कागद दुकानात मांडलेले आहेत. ते बघितले की एक गोष्ट लक्षात राहते: गोल डोकं कुणाचंच नसतं. कुणाचं बटाट्यासारखं, कुणाचं एका कानाकडे फुगलेलं.

हे यंत्र कडक हॅटसाठी. म्हणजे लाखेने ताठ केलेली बोलर आणि उंच टॉप हॅट. मऊ फेल्ट किंवा पनामा डोक्यावर आपोआप बसते, तिला लागत नाही. बोलर इथलीच कल्पना: १८४९ मध्ये एडवर्ड कोक याने रानरक्षकांसाठी फांद्यांना न जुमानणारी ठेंगणी कडक हॅट मागवली, ती नदीपलीकडच्या सदर्कमध्ये बोलर नावाच्या कारागिरांनी केली. दुकानात तिला अजून ‘कोक’ म्हणतात. ब्रिटिश आरमाराचा सेनानी नेल्सन याची हॅटही इथलीच, दुखऱ्या डोळ्यावर सावली धरणारी झडप लावलेली.

माप घेताना टेप भुवयांच्या वर साधारण बोटभर आणि कानांच्या वरून, मागे डोक्याच्या सर्वांत फुगीर भागावरून न्यावी. ५७ सेंटिमीटर म्हणजे ब्रिटिश ७; पुढे प्रत्येक सेंटिमीटरला एक अष्टमांश वाढतो. अमेरिकन माप त्याहून एक अष्टमांश जास्त लिहितात, त्यामुळे जुन्या हॅटचा आकडा बघून ऑर्डर दिली तर घोटाळा होतो. सेंटिमीटरच सांगावेत. दोन मापांच्या मधे असाल तर मोठं घ्या. आतल्या चामडी पट्टीमागे पातळ पट्टी सरकवून घट्ट करता येते, लहान झालेली कडक हॅट मात्र कपाळावर वळ उठवते. किंमत शेकडो पौंडांत, तेव्हा माप दोनदा घेतलेलं बरं.

दोन्ही घरं लिस्टेड आहेत, म्हणजे सरकारच्या संरक्षित इमारतींच्या यादीत, आणि या शब्दाभोवती गैरसमज पुष्कळ. लिस्टिंग फक्त दर्शनी भिंतीचं नसतं. आतला जिना, तक्तपोशी, जमिनीच्या फळ्या, आवारातली १ जुलै १९४८ पूर्वीची बांधकामंही त्यात येतात. इंग्लंडमधल्या यादीत नव्वद टक्क्यांहून जास्त इमारती ग्रेड दोनच्या. तारांकित दोन आणि एक हे वरचे दर्जे थोडक्यांना. पण परवानगीचा नियम तिन्हींना तोच. इमारतीच्या स्वरूपाला धक्का लागेल असं काम परवानगीशिवाय केलं तर १९९० च्या कायद्याने तो फौजदारी गुन्हा आहे. दोन वर्षांपर्यंत कैद किंवा अमर्याद दंड, आणि किती वर्षं उलटली तरी नोटीस येऊ शकते. आधीच्या भाडेकरूने तोडलेली आडभिंत परत बांधून द्यायची वेळ नव्या मालकावर येते ती अशी. म्हणून जुन्या घरात दुकान काढणाऱ्याने भाडेकरारावर सही करण्याआधी जुन्या परवानग्यांचे नकाशे आणि आजची जागा समोरासमोर ठेवून ताडून बघावी. परवानगीच्या अर्जाला फी नाही. खर्च होतो तो नकाशे आणि वास्तुरचनाकारावर. आणि २०१२ पासून मंजूर बदलांवरची व्हॅटची सूटही गेली, म्हणजे कामाच्या बिलावर सरळ २० टक्के.

दुकानदाराला सर्वांत जास्त छळतात त्या गोष्टी साध्या: दारातली पायरी, एकच जिना, आग लागली तर सुटकेची वाट. पायरीला उचलून ठेवायची फळकुटाची उतरण बहुतेक वेळा चालते, पायरी फोडण्याची परवानगी क्वचित. तक्तपोशीच्या दारांना आग थोपवायची असेल तर जुनं दार काढून नवं लावण्याची गरज नसते. पातळ दिल्ह्यांवर आगीत फुगणारा रंग किंवा कागद आणि चौकटीत फुगणारी पट्टी बसवली की बरंचसं काम होतं. तारा भिंतीत खोदून घालायच्या नाहीत, फळ्यांखालून न्यायच्या, आणि तुळईला खाच मारायची नाही. जुन्या वीजवाल्यांनी मारलेल्या खाचा ही अशा घरांतली दुसरी मोठी दुखणी, कुजलेल्या ब्रेसमरच्या खालोखाल.

जायचं तर ग्रीन पार्क स्टेशनवरून सात-आठ मिनिटांची चाल. कामाच्या दिवशी, दुपारी तीननंतर जावं. तेव्हा ऊन समोरून पडतं, विटांचे थर आणि काचेतल्या लाटा स्पष्ट दिसतात. आधी समोरच्या पदपथावर दहा मिनिटं, मग बोळ आणि चौक, मग नंबर ६ च्या आत. हॅट घ्यायची नसली तरी आत जायला संकोच नको, फक्त लाकडी कंगोऱ्याला टेकून फोटो काढू नका. तिथला रंग हाताच्या घामाने उडतो आणि पाणी शिरायला तेवढं पुरतं.